सूड घेणाऱ्याला हसणारे

इ.स.पू. ४३१ च्या वसंतात, डायोनिससच्या उत्सवात, युरिपिडीसने 'मेडिआ'सह चार नाटकं अथेन्सकरांपुढे मांडली आणि तो तिसरा आला. स्पर्धेत शोकांतिकाकार तीनच असत, म्हणजे शेवटचा. पहिला आला एस्किलसचा मुलगा युफोरिऑन आणि दुसरा सोफोक्लीस. युफोरिऑनचं त्या वर्षीचं काहीच उरलेलं नाही. 'मेडिआ' मात्र आजही जगभर होतं, आणि प्रयोगानंतरची चर्चा हमखास एकाच जागी येऊन अडते: या बाईची कणव करायची की तिला झिडकारायचं?

तट दोनच पडतात. 'पोटची पोरं मारणारी बाई, तिच्याबद्दल बोलायचं तरी काय?' हा एक. 'परक्या मुलखात आणून टाकली, नवऱ्याने सोडली, राजाने हद्दपार केली. मग दुसरं काय करणार होती बिचारी?' हा दुसरा. पेपरात एखाद्या सूडाच्या खुनाची बातमी आली की चहाच्या टपरीवर पडतात तेच हे तट. पहिल्याला वाटतं, तिरस्कार केला नाही तर नीतीची चाड सुटली. दुसऱ्याला वाटतं, सहानुभूती दाखवायची तर गुन्हा निम्मा तरी माफ करायला हवा. माझ्या मते दोघंही नाटक अर्ध्यातून उठून गेलेले असतात. ग्रीक शोकांतिका सूड घेणाऱ्याची पूर्ण बाजू ऐकवते आणि त्याला निर्दोषही ठरवत नाही. शिवाय, ज्या तिरस्काराला आपण आपलं नैतिक कर्तव्य समजतो तोच या नाटकांमध्ये सूडाला जन्म देतो.

हे समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ही नाटकं पाहणाऱ्या माणसांना सूड ही रानटी गोष्ट वाटत नव्हती. मित्राचं भलं करावं आणि शत्रूचं वाईट करावं, हा त्यांच्या लेखी सज्जन माणसाचा धर्मच होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात पोलेमार्कस न्यायाची व्याख्या म्हणून बेधडक हेच सांगतो, आणि कुणाचंही वाईट करणं न्यायी माणसाला शोभत नाही हे त्याच्या गळी उतरवायला सॉक्रेटिसला बराच खटाटोप करावा लागतो. अथेन्समध्ये खुनाचा खटला भरणारा सरकारी वकील नसे. खटला भरणं हे मेलेल्याच्या नातेवाइकांचं काम, किंबहुना कर्तव्य. मरणाऱ्याने शेवटच्या क्षणी मारेकऱ्याला माफ केलं, तर मात्र नातेवाइकांचा तो हक्क संपे. युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस'मध्ये मरणारा मुलगा आपल्याला शाप देणाऱ्या बापाला म्हणतो, या खुनातून मी तुम्हाला मोकळं करतो. आपल्याला हा नुसता हृदयस्पर्शी प्रसंग वाटतो. तिथल्या प्रेक्षकाला त्यात कायद्याने बापाची झालेली सुटकाही ऐकू येत असणार. थोडक्यात, सूड हे घराचं कर्तव्य होतं आणि कोर्टाने त्याला फक्त बांध घातले होते.

रागाबद्दलही त्यांचं मत आपल्यापेक्षा नेमकं होतं. अ‍ॅरिस्टॉटल 'ऱ्हेटरिक'मध्ये रागाची फोड करताना सांगतो की राग म्हणजे आपल्याला उघडपणे तुच्छ लेखणाऱ्यावर उघडपणे सूड उगवण्याची दुःखमिश्रित इच्छा. तुच्छ लेखण्याचे तो तीन प्रकार करतो, आणि यादीत पहिला आहे तिरस्कार. नुकसानापेक्षा अपमान आधी येतो. चोराचा राग येतोच, पण चोरी करून वर आपल्याला हसणाऱ्याचा राग वेगळा असतो.

आता 'मेडिआ'कडे वळू. या नाटकात हसण्याची भीती पुन्हा पुन्हा येते. नवरा जेसन याच्यासाठी मेडिआने बापाला दगा दिला, भावाला मारलं, मायदेश सोडला. तो कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न करून मोकळा होतो. पण ती सतत बोलते ते प्रेमभंगाबद्दल नाही. मी मेले तर शत्रू हसतील. मी पकडले गेले तर शत्रू हसतील. त्यांना शिक्षा न करता सोडलं तर शत्रू हसतील. मुलांना मारायचं की नाही यावर ती स्वतःशी झगडते तेव्हाही पारडं फिरतं ते याच विचाराने. 'मला कुणी दुबळी, गरीब गाय समजू नये. मी मित्रांना प्रेमळ आणि शत्रूंना भयंकर अशी आहे,' असं ती म्हणते. तिचं हे वाक्य म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येक नागरिकाचं घरचंच वाक्य. होमरच्या वीराने म्हटलं असतं तर त्यांनी माना डोलावल्या असत्या. ते इथे परदेशी बाईच्या तोंडून येतं, आणि त्याचा हिशेब दोन पोरांच्या गळ्याशी येऊन पुरा होतो. युरिपिडीसने प्रेक्षकांना त्यांचीच नीती शेवटपर्यंत ताणून दाखवली. तिसरा क्रमांक आला यात मला फारसं नवल वाटत नाही.

आणि जेसन? त्याचं समर्थनाचं भाषण मी दर वेळी दातओठ खात वाचतो. मला तू वाचवलं नाहीस, प्रेमाच्या देवीने वाचवलं, असं तो सांगतो. मी दिलं ते तू दिलंस त्याहून जास्तच आहे. रानटी मुलुखातून तुला ग्रीसमध्ये आणलं, इथे तुला न्याय आणि कायदा म्हणजे काय ते कळलं. शपथा मोडून बसलेला माणूस बायकोला कायद्याचे उपकार ऐकवतो! एवढ्यावर न थांबता, पोरं व्हायला बायकाच लागल्या नसत्या तर माणसाचं बरं झालं असतं, असंही सुनावतो. तो मेडिआला मारहाण करत नाही, उलट पैसे देऊ करतो, ओळखीच्यांना पत्र देतो म्हणतो. तो तिला फक्त तुच्छ लेखतो, आणि तेही इतक्या सहज की आपण काही वाईट बोललो हे त्याच्या गावीही नसतं.

इथपर्यंत दुसऱ्या तटाची बाजू बळकट आहे. पण त्यांच्या 'बिचारी' या शब्दाशी माझं भांडण आहे. विषारी वस्त्र घेऊन मुलं राजकन्येकडे जाऊन येतात, त्यानंतरचा प्रसंग पाहा. मुलं आईकडे बघून हसतात. तिचा धीर सुटतो. नको, म्हणते, यांना घेऊन जाईन. मग पुन्हा शत्रूंचं हसणं आठवतं. पुन्हा मागे फिरते. मुलांचे हात हातात घेते, त्यांच्या मऊ कातडीबद्दल, गोड श्वासाबद्दल बोलते, त्यांना आत पाठवते आणि मग म्हणते की मी काय दुष्कृत्य करणार आहे ते मला समजतं, पण माझा संताप माझ्या विचारांहून बलवान आहे. परिस्थितीने ढकललेल्या माणसाची ही भाषा नव्हे. तिला सगळं दिसतं आहे. तिला केवळ बळी ठरवणारे तिच्याकडून ही जाण काढून घेतात, म्हणजे जेसनसारखाच तिला कमीपणा देतात. त्यांचा सूर गोड, एवढाच फरक.

सहानुभूती कुणाला द्यायची हा प्रश्न नाटक शेवटी आणखी अवघड करतं. मेडिआ सूर्यदेवाच्या रथात उंच उभी राहते. सूर्य तिचा आजा. ग्रीक नाटकाच्या शेवटी ती उंच जागा देवांची असते. देव तिथून निकाल देतात आणि निघून जातात. मेडिआ तिथे पोचते आणि आपल्या कणवेच्या टप्प्याबाहेर जाते. खाली उरतो जेसन, मुलांच्या देहांना नुसता हात लावू दे म्हणून विनवणारा. दीड तास ज्याला आपण शिव्या घातल्या त्याच्यासाठी घशात आवंढा येतो. तो म्हणतो, दुःख तुलाही आहेच. ती म्हणते, आहे, पण तू हसणार नसशील तर ते मला परवडतं. सूडाचा सगळा व्यवहार या एका वाक्यात उघडा पडतो. ती हरलेली नाही, आणि तिने आपल्यातली माणूस म्हणून ओळखावी अशी गोष्ट वर जाताना मागे टाकली आहे.

'हेक्युबा' हे त्याच नाटककाराचं काही वर्षांनंतरचं नाटक, आणि माझ्या मते या प्रश्नावरचं जास्त कठोर. ट्रॉयची म्हातारी राणी आता गुलाम आहे. एका दिवसात तिची मुलगी पॉलिक्सेना ग्रीक वीर अकिलीसच्या थडग्यावर बळी दिली जाते आणि सुरक्षित राहावा म्हणून थ्रेसच्या राजाकडे ठेवलेला धाकटा मुलगा पॉलिडोरस समुद्रकाठी मेलेला सापडतो. पाहुणा म्हणून सांभाळायला घेतलेल्या पोराला राजा पॉलिमेस्टरने सोन्यासाठी मारलेलं असतं. ती ग्रीकांच्या विजेत्या सेनापतीच्या, अ‍ॅगमेम्नॉनच्या पाया पडते. न्यायाची, देवांची याचना करते. त्याला तिचं म्हणणं पटतं, पण सैन्य काय म्हणेल? तेव्हा ती म्हणते, माणसांत मोकळा कुणीच नाही; कुणी पैशाचा गुलाम, कुणी नशिबाचा, कुणी गर्दीचा. मी करते ते फक्त अडवू नकोस. तो नजर दुसरीकडे वळवतो.

मग तंबूतला प्रसंग. तो आपल्याला पॉलिमेस्टरच्याच तोंडून कळतो. बायका त्याला कौतुकाने मध्ये बसवतात. काही जणी त्याच्या अंगावरचं वस्त्र उजेडात धरून थ्रेसच्या विणकामाची तारीफ करतात. काही जणी त्याचा भाला बघायला मागून घेतात. ज्या लेकुरवाळ्या आहेत त्या त्याच्या दोन मुलांना कडेवर घेऊन खेळवतात आणि हातोहात पुढे देत देत बापापासून लांब नेतात. गप्पा रंगात आल्या असताना वस्त्रांतून खंजीर निघतात. मुलं मरतात, आणि बायका आपल्या वस्त्रांच्या टाचण्यांनी त्याचे डोळे फोडतात. तो जनावरासारखा चार पायांवर रांगत बाहेर येतो.

या वर्णनात सगळ्यात भयंकर जागा रक्ताची नाही. पोरांना कडेवर घेणारे ते सराईत, आईचे हात भयंकर आहेत. ज्यांची पोरं युद्धात गेली त्याच बायकांना मूल कसं घ्यावं हे ठाऊक आहे. पॉलिमेस्टर नीच आहे यात शंका नाही, त्याला शिक्षा व्हावी हेही आपल्याला वाटतं. त्याच्या मुलांनी काय केलं होतं? नाटक हा प्रश्न विचारत नाही. ते फक्त त्यांना कडेवर बसवून दाखवतं.

डोळे गेलेला पॉलिमेस्टर हेक्युबाला भविष्य सांगतो: तू आग ओकणाऱ्या डोळ्यांची कुत्री होशील, आणि तुझं थडगं खलाशांची खूण होईल. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीच्या काठावर 'कुत्रीचं थडगं' (सायनोसेमा) या नावाचं भूशिर खरंच होतं, इ.स.पू. ४११ मध्ये तिथेच अथेन्सच्या आरमाराने लढाई जिंकली. हेक्युबाचं उत्तर ऐका: मला त्याचं काही नाही, तुला शिक्षा मिळाली ना? (हे वाचताना सातपुड्यातला अस्तंब्याचा डोंगर आठवल्याशिवाय राहत नाही. झोपलेली पोरं कापणारा अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात, आणि दिवाळीत लोक त्याच्याच नावाच्या शिखरावर यात्रेला चढतात. सूड घेणाऱ्याला लोक विसरत नाहीत, त्याची निशाणी करून ठेवतात.) पण कुत्री होण्याला निव्वळ शिक्षा समजू नये. ती माणूस होती तोवर तिचं रडणं कुणी ऐकलं नव्हतं. पॉलिक्सेनाला बळी द्यायला न्यायला आलेल्या ओडिसिअसने नाही, अ‍ॅगमेम्नॉनने अर्धवट. आणि पॉलिमेस्टरची मुलं मेल्यावर अ‍ॅगमेम्नॉन जो निवाडा करतो त्यात वर त्याला ऐकवतो की पाहुण्याला मारणं तुमच्याकडे चालत असेल, आम्हा ग्रीकांत ते लाजिरवाणं समजतात. जहाजांना वारा मिळावा म्हणून स्वतःच्या मुलीला कापून आलेला हा माणूस!

याच माणसाला पुढे त्याची बायको मारते. तिच्यावर मुलगी इलेक्ट्रा आणि मुलगा ओरेस्टिस यांनी उगवलेल्या सूडाची गोष्ट एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांनीही लिहिली. सूड तोच, आईचा खून तोच. एस्किलसकडे ओरेस्टिस आईच्या उघड्या छातीपुढे थबकतो आणि मित्राला विचारतो, काय करू? सोफोक्लीसची इलेक्ट्रा दाराबाहेरून ओरडते, ताकद असेल तर आणखी एक वार घाल. युरिपिडीसकडे खून झाल्यावर दोघं भावंडं कोसळतात, आणि वरून आलेला देव सांगतो की तिला मिळालं ते योग्य होतं, पण तुम्ही केलंत ते नव्हे. कृत्याकडे बघून सहानुभूती ठरत असती तर तिन्ही नाटकांत ती सारखीच असती. नाटककार आपल्याला कुठे उभं करतो, आत की दाराबाहेर, यावर ती ठरते.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार मात्र एस्किलसच्या 'युमेनिडीस'मध्ये आहे. साल इ.स.पू. ४५८. सूडाच्या देवता, एरिनीज, आईचा खून करणाऱ्या ओरेस्टिसच्या मागे लागल्या आहेत. अपोलो त्यांना आपल्या देवळातून हाकलतो ते किळसेने: जिथे मुंडकी उडवतात, डोळे काढतात, तिथे जा, तुमची जागा ती. त्या पाठलाग सोडत नाहीत, उलट चवताळतात. अथेन्सची देवता अथीना खटला चालवते, मतं समसमान पडतात, ओरेस्टिस सुटतो. (अथीनाचा युक्तिवाद, की मला आई नाही म्हणून मी बापाच्या बाजूची, अगदीच लंगडा आहे. नाटकालाही ते ठाऊक असावं.) खरं काम त्यानंतर सुरू होतं. एरिनीज शहरावर विष ओकायला निघतात, आणि अथीना त्यांना म्हणते, तुमचा पराभव झालेला नाही, मतं सारखी होती, तुमचा अपमान झाला नाही. ती हे एकदा सांगून थांबत नाही. त्या पुन्हा पुन्हा तीच तक्रार गातात, ती पुन्हा पुन्हा समजावते, शेवटी त्यांना अ‍ॅरिओपॅगस टेकडीजवळ घर आणि मान देते. अपोलोच्या तिरस्काराने जे झालं नाही ते या चिवट आदराने होतं. शहराला वाचवायचं तर सूडाला हसून चालणार नाही, एवढं एस्किलसला पक्कं कळलं होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. मारणाऱ्याला एवढं समजून घेतलं की मेलेल्याच्या वाट्याला काय उरतं? सहानुभूती काही अखंड झरा नाही. एकाकडे वळली की दुसऱ्याकडून आटते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि खुद्द 'मेडिआ'त त्याचा पुरावा आहे. कोरसला, म्हणजे नाटकात सोबतीने गाणाऱ्या-बोलणाऱ्या कॉरिंथच्या बायकांच्या समूहाला, मेडिआची कणव येते, आणि त्या कणवेपोटी त्या सुरुवातीलाच गप्प राहायचं वचन देऊन बसतात. मग बेत कळतो, त्या विनवतात, पण कुणाला जाऊन सांगत नाहीत. आतून मुलांचा आवाज येतो: काय करू, आईच्या हातातून कुठे पळू? कोरस म्हणतो, आत जावं का? आणि जात नाही. सहानुभूतीने गप्प केलेली माणसं अशी दिसतात. त्यामुळे दुसऱ्या तटाला माझं सांगणं आहे की नुसती बाजू घेणं पुरत नाही. कोरससारखं आधीच तोंड बांधून घेतलं तर तुमची कणव खुनाच्या कामी येते.

पण पहिल्या तटाचं औषध जास्त वाईट आहे, आणि ते अथेन्सने रंगमंचाबाहेर चाखून पाहिलं होतं. इ.स.पू. ४२८ मध्ये मिटिलीनी हे शहर अथेन्सवर उलटलं, पुढच्या वर्षी हरलं. अथेन्सच्या सभेने ठरवलं, सगळे पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करा. जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना चुटपुट लागली, सभा पुन्हा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी कडाडला की साम्राज्याला तीन गोष्टी घातक: दया, भाषणांची गोडी आणि सौजन्य. थोडक्या मतांनी निर्णय फिरला, दुसरं जहाज सुटलं. वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता तेल-मद्यात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, पाळीपाळीने झोप घेतली, आणि हुकूम वाचून अंमल होणार तेवढ्यात ते पोचले. तरीही, इतिहासकार थ्युसिडिडीझच्या नोंदीप्रमाणे, हजाराहून थोडी अधिक माणसं मारली गेलीच. हात वर करून मत देणारे हे नागरिक आणि नाटकाला बसणारे प्रेक्षक हा एकच समाज होता. क्लिऑनच्या तोंडी शब्द न्यायाचे होते, पण भाषणभर धुसफुसत होता तो राग 'त्यांनी आपल्याला जुमानलं नाही' याचाच.

सोफोक्लीसच्या 'एजॅक्स'मध्ये हाच प्रश्न पहिल्याच प्रवेशात सरळ विचारला आहे. अकिलीसची शस्त्रं आपल्याला न देता ओडिसिअसला दिली, या अपमानाने पेटलेला ग्रीक योद्धा एजॅक्स रात्री सेनानायकांना कापायला निघतो. अथीना त्याला भ्रमात टाकते, आणि तो गुरंमेंढरं कापत बसतो. मग ती ओडिसिअसला तंबूपाशी बोलावून तमाशा दाखवते आणि विचारते: शत्रूला हसणं, याहून गोड हसू असतं का? ज्याला मारायला एजॅक्स निघाला होता तो हा माणूस. त्याला हसायचा पूर्ण हक्क आहे. तो म्हणतो, शत्रू असला तरी मला याची कीव येते. याच्यात मला माझंही दिसतं, आपण जगणारे सगळे सावल्याच. त्याने एजॅक्सला बरोबर ठरवलेलं नाही. त्याचं शत्रुत्वही विसरलेलं नाही.

एजॅक्स शुद्धीवर येतो आणि जीव देतो. सेनानायक मेनेलॉस आणि त्याचा भाऊ अ‍ॅगमेम्नॉन प्रेत पुरू देत नाहीत. जिवंतपणी आमच्या ताब्यात आला नाही तर मेल्यावर तरी येईल, असं मेनेलॉस उघडच बोलतो. तेव्हा ओडिसिअस मध्ये पडतो. अ‍ॅगमेम्नॉन चकित होऊन विचारतो, याला पुरू द्या म्हणतोस? हो, तो म्हणतो, मलाही कधीतरी तिथेच यायचंय. अ‍ॅगमेम्नॉन चरफडत परवानगी देतो. एजॅक्सचा भाऊ ट्यूसर ओडिसिअसचे मनापासून आभार मानतो, पण प्रेताला हात लावू देत नाही. मेलेल्याला ते रुचणार नाही, म्हणतो. एजॅक्सने माफ केलेलं नाही, आणि ओडिसिअसने आपल्या कणवेच्या बदल्यात तशी अटही घातलेली नव्हती. माझी इच्छा होती, तुम्हाला नको असेल तर ठीक, एवढं बोलून तो निघून जातो.